यंत्र लाजतं म्हणे

सकाळचे साडेदहा, म्हणजे भरल्या कामाची वेळ, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये बावीस शिकलीसवरलेली माणसं भिंतीकडे तोंड करून उभी होती. कोणी बोलत नव्हतं. फोन बंद होते. एकाला शिंक आली तर त्याने ती नाक चिमटीत धरून गिळली आणि शेजाऱ्याने त्याची पाठ कौतुकाने थोपटली. मागे सर्व्हरच्या खोलीचं दार नुकतंच लोटलं होतं आणि दाराआड बाबा होते.

हे बाबा जटावाले नव्हेत. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. हुद्दा म्हणाल तर सर्व्हरच्या खोलीचा कारभारी. पण गेली दोन वर्षं त्यांना हुद्द्याने कोणी हाक मारली नव्हती. प्रोग्रामात केलेली दुरुस्ती गिऱ्हाइकापर्यंत पोचत नसली की बाबांना साकडं घालायचं. बाबा डोळे मिटून ऐकायचे. "यंत्राला मन असतं हो. तुम्ही त्याला हुकूम सोडता, मी त्याच्याशी बोलतो. डेटा म्हणजे तरी काय, कंपनंच ना?" मग सगळ्यांना बाहेर काढायचे आणि पाठ फिरवायला सांगायचे, कारण बघितलं की यंत्र लाजतं. चाळीस मिनिटांनी दार उघडायचं, बाबा कपाळ पुसत म्हणायचे, "उतरलं." आणि खरंच उतरलेलं असायचं. चार वेळा पाठवूनही जी दुरुस्ती पोचली नव्हती ती पोचलेली असायची.

हसू नका. आम्ही संगणकवाले म्हणजे शेंबूड पुसता यायच्या आधी तर्कशास्त्र शिकलेली माणसं, असा आमचा समज असतो. हे सांगणाऱ्याचंही नाक त्या दिवशी त्याच भिंतीला टेकलं होतं. पण ज्या नाकाची गोष्ट सांगायची आहे ते माझं नव्हे, आमच्या पुरावाबाईचं.

पुरावाबाई ही आमची मुख्य प्रोग्रामर. नाव पडलं ते तिच्या सवयीने. कोणी म्हणालं बाहेर ऊन पडलंय, तर ही खिडकीपर्यंत जाऊन बघणार आणि मग हो म्हणणार. धाकट्या बहिणीने पाठदुखीसाठी चुंबकाचं कडं घेतलं, तर हिने सगळ्या घरादेखत तिची अशी उलटतपासणी घेतली की बहीण चार महिने हिच्याशी बोलत नव्हती. अशी ही बाई दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून उभी राहत होती. कोणी विचारलंच तर तिचं उत्तर तयार असे, "मी मानत नाही. प्रयोगात व्यत्यय नको म्हणून उभी राहते."

खरं काय झालं होतं, तर दोन वर्षांपूर्वी तिचीच एक दुरुस्ती काही केल्या पोचेना. तिच्या टेबलावर प्रोग्राम बिनचूक चाले, गिऱ्हाइकाकडे गेला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा ती बाबांकडे गेली होती ती खरं तर टर उडवायला. बाबांनी दार लावलं, उघडलं आणि दुरुस्ती पोचली. त्या दिवशी बाईने विचार केला की पुरावा तर डोळ्यांसमोर आहे, आता नाकारायचं कशाच्या जोरावर? घडलं हे खरं होतं. कशामुळे घडलं हे विचारायचं मात्र तिच्या डोक्यात आलं नाही, आणि जगाला शहाणपण शिकवणाऱ्या माणसाचं असंच होतं.

तर त्या सकाळी लिफ्टचं दार उघडलं आणि एक बाई बाहेर आल्या. केस पांढरे, पायात रबरी तळाचे बूट, हातात जाड पाकीट. आमचा प्रोग्राम वापरणाऱ्या मुलांच्या इस्पितळाच्या या फार्मासिस्ट. तिथे त्यांना सगळे काकू म्हणत, म्हणून आम्हीही. त्यांनी कॉरिडॉरभर नजर टाकली आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोणी गेलं का?"

"शू," साहेब भिंतीशी बोलले. "आत बाबा आहेत. तुमच्याच कामाला बसलेत."

"माझ्या कामाला? मग मी बघते की."

"पाठ फिरवावी लागते. यंत्र लाजतं."

काकूंनी बावीस पाठींकडे पुन्हा एकदा बघितलं. "मी औषध मोजत असताना मला कोणी पाठ फिरवायला सांगितली, तर मी आधी त्याचा हात धरेन," असं म्हणत त्या सरळ दार ढकलून आत गेल्या आणि बाबांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

आता बाबांची पंचाईत झाली. त्यांनी कंपनांची भाषा करून पाहिली. काकू म्हणाल्या, "असू देत कंपनं, मला चालतील." बाबांनी श्रद्धेचं सांगून पाहिलं. काकू म्हणाल्या, "तुमची असली म्हणजे झालं." शेवटी बाबांनी एक हात सर्व्हरवर ठेवला, डोळे मिटले आणि तसेच बसले. मधे एकदा त्यांनी नेहमीचं बटण दाबलं. दोन मिनिटांत नवी आवृत्ती तयार झाल्याचं पडद्यावर आलं, तरी बाबांनी चाळीस मिनिटं भरली. मग काकूंनी पाकिटातून एका बाळाचा कागद काढला, वजन साडेसहा किलो, आणि प्रिंटरमधून औषधाचं लेबल काढायला सांगितलं. लेबलावर आलं, वजन पासष्ट किलो. त्याखाली पासष्ट किलोच्या माणसाचा डोस.

हाच तो दोष होता. दहा किलोखालच्या बाळाचं वजन घातलं की आमचा प्रोग्राम मधला बिंदू गिळायचा आणि बाळाला दहापट डोस लिहून द्यायचा. पुरावाबाईने तीन आठवड्यांपूर्वीच तो दुरुस्त केला होता. तिच्या टेबलावर बाळ साडेसहा किलोचं होतं, आणि इस्पितळात ते अजून पासष्ट किलोचंच होतं.

बाबा बाहेर आले. "नाही उतरलं. रुसलंय यंत्र. संशयी नजर लागली की असंच व्हायचं."

बावीस जोडी डोळे काकूंकडे वळले. साहेबांनी पुरावाबाईला बाजूला घेतलं आणि पुटपुटले, "तुम्ही बायकाबायका बघा काय ते. त्यांना म्हणावं, जरा नरमाईने घ्या." आणि पुढे जे झालं ते आठवलं की पुरावाबाई आजही चहाचा कप खाली ठेवते. ती आत काकूंजवळ गेली, घसा खाकरला आणि म्हणाली, "काकू, म्हणजे बघा, यंत्राला एकदा सॉरी म्हटलं तर काय बिघडतं?"

काकूंनी पाकीट टेबलावर रिकामं केलं. एकतीस लेबलं होती. प्रत्येकावर छापलेला आकडा पेन्सिलने खोडून वर खरा आकडा लिहिला होता. "ही मी पकडली," त्या म्हणाल्या. "रोज एकेक हाताने तपासून. बत्तिसावं माझ्याकडे नाही. बुधवारी दुपारी मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. माझ्या जागी नवीन मुलगी होती, तिने लेबल वाचून दिलं. वाचून देणं हेच तिचं काम, तिची काय चूक? तासाभराने आईच्या लक्षात आलं की बाळ दूध प्यायलाही उठत नाही. धावत घेऊन आली. दोन दिवस दाखल होतं."

"आता?" पुरावाबाईने विचारलं.

"आता बरं आहे. मला झोप नाही, एवढंच. सोमवारी दुसरा वॉर्ड सुरू होतोय आणि दोन्हीकडे मिळून फार्मासिस्ट मी एकटी. आज शुक्रवार. माझी पेन्सिल दोन वॉर्डांना पुरायची नाही. आणि तुम्ही मला त्या डब्याची माफी मागायला सांगताय. शिकलेल्या ना तुम्ही?"

पुरावाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर लोकांना विचारलेला प्रश्न कोणीतरी तिलाच विचारला होता. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "काकू, मला काही सुचत नाहीये. तुम्ही विचारा, मी सांगते."

काकूंनी स्टूल ओढलं. "मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण आज आणि आधीच्या वेळा यांत फरक काय? आज मी मागे उभी होते. मग एक तर यंत्र खरंच लाजतं, नाहीतर कोणी बघत नसताना हे काहीतरी करतात आणि आज त्यांना करता आलं नाही. यातलं जास्त शक्य कुठलं?"

बाबा अचानक पाणी प्यायला निघाले. साहेबांनी, का कोण जाणे, त्यांना हात धरून बसवलं.

"दुसरं," काकू म्हणाल्या, "आज दोन मिनिटांत तयार झालं असं पडद्यावर आलं. एरवी किती लागतात?"

"एरवीही दोनच लागतात. बाबा करतात तेव्हा चाळीस." हे बोलताना पुरावाबाईचा स्वतःचाच आवाज तिला ऐकू आला. दोन वर्षं हे चाळीस मिनिटांचं तिला ठाऊक होतं. ती त्याला ध्यानाचा वेळ समजत होती.

"दोन मिनिटांत माझ्याकडे नवीन औषध तयार होत नाही," काकू म्हणाल्या. "दोन मिनिटांत मी आधी करून ठेवलेलं बरणीतून काढून देते. तुमच्याकडे बरण्या आहेत?"

आहेत. आमच्या धंद्यात त्याला कॅशे म्हणतात. अख्खा प्रोग्राम पहिल्यापासून घडवायला चाळीस मिनिटं लागतात, म्हणून एकदा घडवलेला माल साठ्यात ठेवायचा आणि पुन्हा तीच आवृत्ती मागितली की तयार माल उचलून द्यायचा.

"मग बरणीवर लिहिता काय?"

"आवृत्तीचं नाव."

"पूर्ण?"

पूर्ण, असं म्हणण्याऐवजी पुरावाबाईने कीबोर्ड जवळ ओढला. आवृत्त्यांना नाव द्यायची पद्धत तिनेच पाडली होती, दोन वर्षांपूर्वी. आधी नुसते आकडे असत, ७.२ किंवा ७.३. हिने अर्धा तास भाषण ठोकून सांगितलं की नावावरून दुरुस्ती कसली ते कळलं पाहिजे; आकडा लिहा, मग हॅशचं चिन्ह काढा आणि पुढे कामाचं नाव. म्हणजे ७.३#मोठं-अक्षर. ७.३#बाळाचं-वजन. भाषणाला टाळ्या पडल्या होत्या. आणि दुरुस्त्या न पोचायला, बाबांची दर्शनं भरायला सुरुवात झाली ती त्याच आठवड्यात. दोन्ही गोष्टी एकाच कॅलेंडरवर होत्या आणि आम्हां बावीस जणांपैकी कोणालाही त्यांची गाठ घालावीशी वाटली नाही.

तिने साठ्याचा जुना प्रोग्राम उघडला. सहा वर्षांपूर्वीचा. नाव वाचताना वाटेत बिंदूखेरीज कुठलंही चिन्ह आलं की तिथून पुढचं सगळं कापून टाकायचं आणि उरलेलं बरणीवर लिहायचं, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे मोठं अक्षर असो की बाळाचं वजन, दोघांच्या बरणीवर नुसतं ७.३. मोठ्या अक्षराची बरणी आधी भरली होती, तीच तीन आठवडे इस्पितळात जात होती. आकडा बदलला की नवी बरणी भरायची, म्हणून कधीकधी दुरुस्ती आपोआपही पोचायची. त्या दिवशी आम्ही म्हणायचो, बाबा खुशीत दिसतात.

कापून टाकायच्या ओळीवर प्रोग्रामरने एक शेरा लिहून ठेवला होता. साहेबांनी तो मोठ्याने वाचला, "नावात असली चिन्हं घालण्याइतकं मूर्ख इथे कोणी नसावं." खाली लिहिणाऱ्याची सही होती. सही पुरावाबाईची होती.

कॉरिडॉरमध्ये कोणीतरी खोकल्यासारखं केलं. "हसा," पुरावाबाई म्हणाली. "मोठ्याने हसा, मला सोसेल. पण आधी हे खरं आहे का ते बघू. मागच्या वेळीही मला सगळं कळल्यासारखंच वाटलं होतं."

तिने एक कागद घेतला आणि काय होईल ते आधी लिहून काढलं. हॅश घालून नाव दिलं, तर दोन मिनिटं आणि पासष्ट किलो. ७.३.१ असं नुसत्या आकड्यांचं नाव दिलं, तर चाळीस मिनिटं आणि साडेसहा. कागद काकूंच्या हातात दिला. काकू म्हणाल्या, "आता सगळ्यांनी इकडे तोंड करा." बावीस जण वळले. लाजायचं होतं तर यंत्राला तेव्हा पुरेपूर संधी होती.

पहिल्या खेपेला दोन मिनिटं लागली आणि बाळ पासष्ट किलोचं निघालं. दुसऱ्या खेपेला पंखे घरघरू लागले, यंत्र तापलं, आणि एकेचाळीस मिनिटांनी प्रिंटरमधून लेबल आलं. वजन साडेसहा किलो. काकूंनी पेन्सिल काढली, कागदाच्या मागे हिशेब मांडला आणि डोस पुन्हा ताडून पाहिला. त्यांचे डोळे भरून आले होते. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

बाबा काय करत होते तेही मग सापडलं. यंत्रावर टाइप केलेली प्रत्येक ओळ यंत्रातच नोंदली जाते. प्रत्येक दर्शनाच्या दिवशी बाबांची एकच ओळ होती: साठा रिकामा कर. बरण्या पुसल्या की सगळं नव्याने घडायचं आणि दुरुस्ती पोचायची. नव्या मालाची बरणी पुन्हा ७.३ म्हणून भरायची, की पुढच्या दुरुस्तीला पुन्हा बाबा. उरलेली एकोणचाळीस मिनिटं काय चालायचं ते त्यांच्या खणात मिळालं. बिस्किटांचा पुडा आणि मानेखाली घ्यायची उशी.

"मी कधी म्हटलं की मी बाबा आहे?" बाबा म्हणाले. "पहिल्या वेळी डिस्क भरली होती, म्हणून मी साठा पुसला. बाहेर आलो तर तुम्ही टाळ्या वाजवताय. मॅडम, तुम्ही मला विचारलंत, ध्यान किती वेळ करता? काय केलंत, असं कोणीच विचारलं नाही. त्याआधी नऊ वर्षं मी इथे होतो, माझं नाव तरी कोणाला माहीत होतं का?"

यावर उत्तर दिलं ते काकूंनी. "ते सगळं मान्य," त्या म्हणाल्या. "पण आज मी मागे उभी होते. एक ओळ लिहिली असती तर बाळांचं काम झालं असतं. तुमचं गुपित फुटलं असतं, म्हणून तुम्ही ती लिहिली नाहीत. वर म्हणालात, माझी नजर लागली." बाबांनी मान खाली घातली.

त्याच दिवशी पुरावाबाईने साठ्याचा प्रोग्राम बदलला. आता बरणीवर अख्खं नाव जातं, चिन्हासकट, आणि आत काय घातलं त्याची खूणही. चूक माझी, असं तिने सगळ्यांना लेखी कळवलं. साहेबांनी "आपली" करायला सुचवलं, तिने ऐकलं नाही. बाबांची बदली खालच्या मजल्यावर झाली आणि त्यांच्या जागेवरून रोज साठ्याची नोंद सगळ्यांना दिसेल अशी सोय झाली. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण सोमवारी सकाळी इस्पितळाचा दुसरा वॉर्ड उघडला आणि अकरा वाजता आमची नवी टेस्टर, म्हणजे प्रोग्राम तपासून बघणारी पोरगी, पुरावाबाईच्या टेबलापाशी आली. "ताई, काकूंचा फोन होता. दुसऱ्या वॉर्डात अजून पासष्टच येतंय. त्या पेन्सिल घेऊन दोन्ही वॉर्डांत धावतायत. तुम्ही जरा येऊन हात लावता का? शुक्रवारी तुम्ही लावलात आणि झालं. सगळे म्हणतात, तुमच्या हाताला गुण आहे."

खोटं कशाला सांगा, पुरावाबाईला ते फार गोड लागलं. ती खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा. साठा पुसायचा, चाळीस मिनिटं थांबायचं. काय करायचं ते तिला माहीत होतंच. मग तिच्या ध्यानात आलं की आपण अजून काहीच बघितलेलं नाही. ती खाली बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. "मी हात लावणार नाही. तू शोध. बरणी जुनी आहे का, आधी ते बघ."

टेस्टरने बघितलं. "नाही ताई, साठ्यात नवीनच आहे."

"मग वॉर्डात कुठली चालू आहे?"

पोरीने दुसऱ्या वॉर्डाच्या यंत्रावरचा आकडा काढला आणि चाचरत म्हणाली, "ताई, तिथे नवी आवृत्ती पाठवलेलीच नाही. पाठवायच्या यादीत तो वॉर्डच नाही."

"यादी कोणाकडे होती?"

"तुमच्याकडे."

त्यांनी यादीत वॉर्ड घातला, आवृत्ती पाठवली आणि सहा मिनिटांत काकूंचा फोन आला. "आलं. साडेसहा. मी तपासलंय. उद्याही तपासणार आहे, राग मानू नका." पुरावाबाईने घड्याळाकडे बघितलं. ती ऐटीत हात लावायला गेली असती तर साठा पुसून चाळीस मिनिटं नुसती फुकट गेली असती, वॉर्डात तोच डोस छापत राहिला असता आणि काकू एकट्या दोन दारांमध्ये धावत राहिल्या असत्या. चाळीस मिनिटांत किती लेबलं निघतात हे काकूंनी तिला शुक्रवारी सांगितलं होतं. चौदा.

ती टेस्टरला म्हणाली, "ऐक. कोणी तुला म्हणालं, मी केलं आणि झालं, तर टाळ्या नंतर वाजव. आधी विचार की नेमकं काय केलंस, आणि मग म्हण, माझ्यासमोर परत करून दाखव. म्हणणारा बाबा असो, साहेब असो, नाहीतर मी असो. माझ्या बाबतीत तर दोनदा विचार, मला कोणी विचारत नाही म्हणूनच त्या बाळाला दोन दिवस इस्पितळात काढावे लागले."

टेस्टरने वही बंद केली, पुन्हा उघडली. "ताई, मग एक विचारू? शुक्रवारी तुम्ही साठ्याचा प्रोग्राम बदललात, तो बरोबर आहे हे कोणी तपासलं?"

कोणीच तपासलं नव्हतं. पुरावाबाईने शेजारची खुर्ची ओढून तिच्याकडे सरकवली आणि पडदा तिच्या बाजूला वळवला.